भूमिका कुणाच्या मालकीची? मराठी मालिकापटांचे पुनरागमन आणि प्रेक्षक

एखाद्या गाजलेल्या चित्रपटातील पात्रे बऱ्याच वर्षांनी पुन्हा पडद्यावर येणार, अशी घोषणा होते त्याच दिवशी प्रेक्षकांची प्रतिक्रिया सुरू होते. त्या वेळी नवी कथा कुणालाच ठाऊक नसते, त्यामुळे ही पहिली प्रतिक्रिया माणसांविषयीची असते: जुना नट आहे का, नसेल तर त्याच्या जागी कोण, जो हयात नाही त्याची उणीव कशी भरून काढणार, आणि जो हयात असूनही घेतला गेला नाही त्याला का वगळले. पुढे चित्रपट चांगला निघतो की वाईट यावर या प्रश्नांची धार कमीजास्त होते, पण प्रश्न तेच राहतात आणि त्यांच्या मुळाशी असलेला वाद मालकीचा असतो. कायद्याच्या दृष्टीने पात्र निर्मात्याचे किंवा लेखकाचे असते. परंतु ज्याने त्या पात्राचे संवाद वर्षानुवर्षे घरात, कारखान्यात आणि लोकलच्या डब्यात म्हटलेले असतात त्या प्रेक्षकाला आपलाही त्यावर हक्क आहे असे मनापासून वाटते, आणि हा हक्क कागदावर कुठेही नसला तरी तिकीट काढायचे की नाही हे ठरवताना तो पुरेपूर बजावला जातो.

एकाच नावाच्या, पात्रांच्या किंवा कल्पित जगाच्या आधारावर एकामागून एक निघणाऱ्या चित्रपटांना येथे मालिकापट म्हटले आहे. व्यापारी व्यवहारात त्यालाच फ्रँचायझी म्हणतात. आधीच्या चित्रपटातील कथा जिथे थांबली तिथून पुढे नेणारा चित्रपट हा उत्तरभाग किंवा सीक्वेल होय, जुनीच कथा नव्या नटसंचात पुन्हा सांगणारा तो रीमेक, आणि जुन्या पात्राला घेऊन त्याचे वय, काळ व परिस्थिती बदलून सारे नव्याने मांडणारा तो रीबूट. प्रत्यक्षात या प्रकारांच्या सीमा एकमेकींत मिसळतात आणि प्रेक्षक त्या फारशा जुमानतही नाहीत. तरीही कोणत्या प्रकाराला कोणती प्रतिक्रिया मिळते हे पाहताना हा भेद उपयोगी पडतो.

मालिकापट ही हॉलिवूडची आणि त्यामागोमाग हिंदी चित्रसृष्टीची गोष्ट असून मराठीत ती अलीकडे आली, असा समज रूढ आहे, आणि तो बरोबर नाही. चिं. वि. जोशी यांनी बडोद्यात राहून लिहिलेल्या विनोदी कथांतील चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावं करून’ या 1940 सालच्या चित्रपटात पडद्यावर आली, आणि दोनच वर्षांनी, 1942 मध्ये, ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटात ती पुन्हा अवतरली. दोन्ही वेळा चिमणराव होते दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ होते विष्णुपंत जोग. त्यानंतर सुमारे साडेतीन दशकांनी मुंबई दूरदर्शनवर हीच जोडी मालिकेच्या रूपाने आली, तेव्हा चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे; मालिकेच्या लोकप्रियतेमुळे 1979 मध्ये ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही निघाला. म्हणजे एका मराठी पात्राने छापील कथा, बोलपट, दूरचित्रवाणी आणि पुन्हा चित्रपट असा प्रवास केला, त्यात त्याचा चेहरा बदलला, आणि तरीही नव्या चिमणरावाला प्रेक्षकांनी इतके आपले मानले की दामुअण्णांचा चिमणराव पुढच्या पिढीला माहितीपुरताच उरला.

हा बदल एवढ्या सहजपणे कसा पचला, याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की चिमणरावाचे मूळ रूप पुस्तकात होते आणि पुस्तकातील पात्राला ठरावीक चेहरा नसतो; वाचकाने आपापला चिमणराव मनात रंगवलेला असतो आणि प्रत्येक नट त्या मूळ मजकुराचा एक अन्वय मांडत असतो. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. चाळीसच्या दशकातील चित्रपट सत्तरच्या दशकातील प्रेक्षकाला सहज पाहायला मिळत नव्हते, त्यामुळे जुन्या आणि नव्या चिमणरावाची शेजारीशेजारी तुलना करण्याची सोयच बहुतेकांना नव्हती. पुढे ही परिस्थिती उलटी झाली, आणि त्या उलट्या परिस्थितीनेच आजच्या तीव्र प्रतिक्रियांना जन्म दिला आहे.

त्याआधी मराठी प्रेक्षकाच्या आणखी एका जुन्या सवयीकडे लक्ष दिले पाहिजे, आणि ती सवय रंगभूमीने लावलेली आहे. नाटकात भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाणे ही नित्याची गोष्ट आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ 1970 मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले. नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी आदी नटांनी ती भूमिका केली, आणि 2016 च्या पहिल्याच दिवशी प्रदर्शित झालेल्या चित्रपटात ती नाना पाटेकर यांनी केली. जुन्या नाटकाचा ‘नवा संच’ आला की रसिक तो पाहायला जातात ते तुलना करण्यासाठीच. लागूंचा बेलवलकर, भटांचा बेलवलकर, असे बोलताना कुणाच्या मनात अपहाराची भावना नसते, कारण संहिता ही सर्वांची सामाईक ठेव आहे आणि नट हा तिचा त्या त्या काळापुरता वाहक आहे, हे तिथे गृहीत असते. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर येथे रविवारच्या प्रयोगाला अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यातून येणारा प्रेक्षक ही रीत पिढ्यान्पिढ्या जाणतो.

चित्रपटाची रीत याहून वेगळी आहे. नाटकाचा प्रयोग संपला की तो आठवणीत राहतो, तर चित्रपटातील चेहरा, आवाज, हातवारे आणि संवादफेक कायमची गोठवली जाते, आणि ती पुन्हा पुन्हा जशीच्या तशी पाहता येते. वाहिन्यांच्या आगमनानंतर हे पाहणे अमर्याद झाले. 2007 मध्ये सुरू झालेल्या झी टॉकीजसारख्या केवळ मराठी चित्रपट दाखवणाऱ्या वाहिनीने ऐंशी-नव्वदच्या दशकांतील विनोदी चित्रपट वर्षानुवर्षे घरोघर नेले. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) हा चित्रपट त्याच्या प्रदर्शनानंतर जन्मलेल्या मुलांनाही तोंडपाठ आहे, तो या पुनःप्रसारणामुळेच. अशा प्रेक्षकाच्या दृष्टीने भूमिका आणि नट यांची फारकत संभवत नाही. तो संहिता वाचून पात्रापर्यंत आलेला नाही. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन पिळगांवकर या माणसांकडून तो थेट पात्रापर्यंत आला आहे. मराठी प्रेक्षकाच्या अंगी या दोन्ही सवयी एकाच वेळी आहेत, आणि एखादा जुना चित्रपट नव्या रूपात येतो तेव्हा त्याचे स्वागत होते की विरोध, हे बऱ्याच अंशी तो चित्रपट यांपैकी कोणती सवय जागी करतो यावर ठरते, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे.

येथे ज्या प्रेक्षकाचा उल्लेख होत आहे त्याच्या परिस्थितीचाही विचार करायला हवा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, स्थापना 1962 मध्ये झाली आणि अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायने, औषधे व अभियांत्रिकी मालाचे कारखाने उभे राहिले. शेजारचे उल्हासनगर 1949 मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून शहर म्हणून आकाराला आलेले होते. कोकण, खानदेश आणि घाटावरून आलेली कुटुंबे, पाळीत काम करणारे कामगार आणि पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारे नोकरदार अशा या वस्तीत चित्रपटगृहात जाणे ही आठवड्याची सुटी, तिकिटांचा खर्च आणि प्रवास यांची सांगड घालून ठरवण्याची गोष्ट आहे. अशा प्रेक्षकाला ओळखीचे नाव ही एक हमी वाटते, आणि म्हणूनच ती हमी पाळली गेली नाही तर त्याची निराशा केवळ कलाविषयक राहत नाही. पुनरागमनाच्या चित्रपटांवर लोक इतके का चिडतात, असा प्रश्न समीक्षक कधी कधी काहीशा तुच्छतेने विचारतात. त्यांनी चार माणसांच्या कुटुंबाचा एका रविवारचा हिशेब समोर ठेवला तर उत्तर मिळायला अडचण पडू नये.

आता ‘झपाटलेला’कडे वळता येईल, कारण मराठीतील पुनरागमनाचे सर्व पेच या एका उदाहरणात एकत्र आले आहेत. महेश कोठारे दिग्दर्शित हा चित्रपट 1993 चा. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो, ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या 1988 सालच्या अमेरिकी चित्रपटाच्या जवळची असली तरी तिला मराठी मातीत रुजवण्याचे काम दोन गोष्टींनी केले. एक म्हणजे बोलक्या बाहुल्यांची परंपरा: यशवंत केशव पाध्ये यांचा अर्धवटराव आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांचे शब्दभ्रमाचे प्रयोग मराठी घरांत आधीच परिचित होते, आणि या चित्रपटातील गुंड तात्या विंचू याचा बाहुला रामदास पाध्ये यांनीच घडवला. शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलवता बोलून आवाज बाहुल्याच्या तोंडून येत असल्याचा भास निर्माण करण्याची कला. चित्रपटाचा नायक लक्ष्या बोलके हा स्वतःच बाहुल्यांचा खेळ करणारा दाखवला असल्यामुळे ही कला कथेच्या आत सहज बसली. दुसरी गोष्ट म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. भीती आणि विनोद यांचा तोल सांभाळण्याची सारी जबाबदारी त्यांच्या घाबरण्यावर होती, आणि प्रेक्षक तात्या विंचूला घाबरला तो लक्ष्या त्याला घाबरला म्हणून. गुंड तात्याची भूमिका दिलीप प्रभावळकरांची. एका पिढीचा सोशिक चिमणराव दुसऱ्या पिढीसाठी क्रूर तात्या विंचू झाला आणि दोन्ही पिढ्यांनी तो आपला मानला, ही मराठी अभिनयाच्या इतिहासातील अतिशय आनंददायक घटना आहे.

बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी गेले. ‘झपाटलेला 2’ आला तो जून 2013 मध्ये, मराठीतील पहिला त्रिमितीय चित्रपट म्हणून, म्हणजे विशेष चष्म्यातून पाहिल्यावर दृश्याला खोली असल्याचा भास देणाऱ्या तंत्राने तयार केलेला. तात्या विंचू परत आला, पहिल्या भागातील इन्स्पेक्टर महेश परत आले, आणि लक्ष्याच्या जागी त्याचा मुलगा आदित्य बोलके आला. ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. येथे निर्मात्यांनी घेतलेला निर्णय विचारपूर्वक पाहण्यासारखा आहे. लक्ष्याची भूमिका दुसऱ्या नटाला देण्याचा मार्ग त्यांनी टाळला आणि पुढच्या पिढीचे पात्र निर्माण केले, हे योग्यच होते, कारण लक्ष्या म्हणून दुसरा कुणीही पडद्यावर आला असता तर प्रेक्षकाने त्याला क्षणभरही थारा दिला नसता. तरीही चित्रपट पाहून आलेल्या सामान्य प्रेक्षकाची पहिली खंत लक्ष्या नसल्याचीच होती. बाहुला तोच होता, तंत्र पुष्कळ पुढे गेले होते, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर असे लोकप्रिय कलावंत होते; पण बाहुल्याला घाबरणारा माणूस गेला होता, आणि मूळ चित्रपटाचे खरे बळ बाहुल्यापेक्षा त्या घाबरण्यात होते हे दुसऱ्या भागामुळे प्रथमच स्पष्टपणे जाणवले. उत्तरभाग असा मूळ चित्रपटाची चिकित्साही करीत असतो: एक घटक काढून घेतल्यावर काय कोसळते, हे तो दाखवून देतो.

याहून नेमका प्रयोग रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’ मालिकेत, कदाचित नकळत, घडला. जानेवारी 2014 मध्ये आलेल्या पहिल्या भागात दगडू आणि प्राजक्ता ही कोवळ्या वयाची जोडी प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांनी उभी केली आणि चित्रपट त्या काळच्या सर्वाधिक कमाईच्या मराठी चित्रपटांत जाऊन बसला. मे 2015 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने कथा बरीच वर्षे पुढे नेली. पात्रे मोठी झाली, आणि त्यांच्या भूमिका प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट यांच्याकडे गेल्या. कथेच्या तर्काने हे निर्दोष होते. वय वाढले की चेहरा बदलतो, आणि रंगभूमीवर किंवा कादंबरीत याविषयी कुणी ब्रही काढला नसता. प्रेक्षक मोठ्या संख्येने आलाही; पण ज्या दगडूवर त्याने जीव लावला होता तो शेवटपर्यंत भेटलाच नाही, ही भावना कमाईच्या आकड्यांमागे राहून गेली. जुलै 2022 मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात प्रथमेश परब पुन्हा दगडू झाले, कथा तरुण दगडूकडे परत गेली, आणि नायिकेच्या जागी हृता दुर्गुळे यांचे अगदी नवे पात्र आले. नायिका बदललेली चालली, काळाचा क्रम मागेपुढे झालेला चालला, पण दगडूचा चेहरा परत आणावा लागला. तिकीटखिडकीवरील यश आणि प्रेक्षकांची माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मालिकापट दीर्घकाळ चालवायचा असेल तर दुसरीच अधिक निर्णायक ठरते, हे या मालिकेने दाखवून दिले.

सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’च्या वाट्याला हा ताण आला नाही. 2010, 2015 आणि 2018 या तिन्ही भागांत स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे हीच जोडी राहिली, आणि अनोळखी तरुण-तरुणीची भेट, मग लग्न, मग अपत्यप्राप्ती अशी कथा नटांच्या आणि प्रेक्षकांच्या वयाबरोबर पुढे सरकली. येथे पुनरागमन हा शब्दच लागू पडत नाही, इतके ते सोबत राहणे होते.

वीस वर्षांचे अंतर पडल्यावर मात्र जुनी माणसे परत आणणे पुरेसे होत नाही. त्यांच्यासाठी काळही बदलावा लागतो. सचिन पिळगांवकर यांचा ‘नवरा माझा नवसाचा’ 2004 मध्ये आला, तेव्हा गणपतीपुळ्याचा नवस फेडायला निघालेले जोडपे एसटीने प्रवास करीत होते आणि अशोक सराफ त्या गाडीचे कंडक्टर होते. 20 सप्टेंबर 2024 रोजी प्रदर्शित झालेल्या दुसऱ्या भागात तोच देव आणि तेच जोडपे आहे, सोबत मुलगी आणि भावी जावई ही नवी पिढी आहे, पण प्रवास कोकण रेल्वेचा आहे आणि सराफ तिकीट तपासनीस झाले आहेत. कोकण रेल्वे 1998 मध्येच पूर्ण झाली होती, म्हणजे पहिल्या भागाच्या वेळीही गाडी उपलब्ध होती. तरीही एसटी निवडली गेली, कारण बसमधील सर्व प्रवासी एकाच वेळी एकमेकांना दिसतात, थांबे जागोजागी येतात, आणि कंडक्टर हा त्या लहानशा समाजाचा प्रमुख असतो. रेल्वेगाडीत डबे वेगळे पडतात, माणसे विखुरतात, प्रवासाचा वेग वाढतो. म्हणून वाहन बदलणे हा केवळ नवेपणाचा भाग नव्हता. त्यामुळे कथा सांगण्याची रीतच बदलली आणि पहिल्या भागातील एकत्रपणाची ऊब काहीशी कमी झाली. असे असूनही अंबरनाथ-बदलापूरकडच्या चाकरमान्यांनी, ज्यांनी स्वतः याच काळात गणपतीला गावी जाताना एसटीकडून रेल्वेकडे असा प्रवास केला आहे, हा बदल आपलाच म्हणून ओळखला असणे स्वाभाविक आहे. प्रेक्षकाचे आयुष्य ज्या दिशेने बदलले त्याच दिशेने पात्राचे आयुष्य बदललेले असेल, तर मोठा बदलही खुपत नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे या कसोटीवर वेगळ्या कारणाने अडचणीत आला. फुरसुंगीचा हा चपळ मुलगा मूळ पुस्तकांत शाळकरी आहे, आणि दूरदर्शनवरील मालिकेत सुमीत राघवन यांनी तो रंगवला तेव्हाही तो मुलगाच होता. ऑक्टोबर 2017 मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे आणि त्याच्यासमोर खुनाचे प्रकरण आहे. हा खरा रीबूट होता, आणि त्याबाबत वाचक दुभंगले. ज्यांनी पुस्तके लहानपणी वाचली होती त्यांना पात्र आपल्यासोबत मोठे झाल्याचे समाधान मिळाले, तर ज्यांना आपल्या मुलांना तोच फेणे भेटवायचा होता त्यांना मुलांच्या साहित्यातील एक नायक प्रौढांनी नेल्यासारखे वाटले. दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात अधिक तथ्य आहे, कारण मराठीत मुलांसाठीचे चित्रपट आधीच थोडे आहेत. मात्र चित्रपटाने एक सुंदर गोष्ट केली: त्यात खुद्द भा. रा. भागवत हेच एक पात्र आहेत, आणि ते साकारले दिलीप प्रभावळकरांनी. पात्राच्या जनकालाच कथेत आणून बदलासाठी त्याची संमती मिळवल्यासारखे ते होते, आणि जुन्या वाचकांचा विरोध पुष्कळसा निवळला तो या योजनेमुळे, असे मानायला जागा आहे.

निर्माते जुन्या नावांकडे का वळतात, याचे उत्तर बहुतांशी आर्थिक आहे. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला सोयीच्या वेळेचा खेळ मिळवणे कठीण असते. 2015 मध्ये राज्य सरकारला याविषयी नियम करून दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याची अट घालावी लागली, यावरूनच अडचणीची कल्पना येते. पहिल्या तीन दिवसांत प्रेक्षक आला नाही तर खेळ कमी होतात, आणि पहिल्या तीन दिवसांत प्रेक्षक आणण्याचे काम ओळखीचे नाव सर्वांत स्वस्तात करते. ‘दे धक्का’ (2008) आणि ‘अगं बाई अरेच्चा!’ (2004) यांचे पुढचे भाग अनुक्रमे 2022 आणि 2015 मध्ये आले ते याच गणिताने, आणि दोन्ही वेळा मूळ चित्रपटाची आठवण ही मदतीइतकीच अडचणही ठरली.

जगात इतरत्र पुनरागमनाच्या या प्रश्नांवर निघालेले मार्ग येथे उपयोगी पडतात. आर्थर कॉनन डॉईल यांनी 1893 मध्ये शेरलॉक होम्सला मारले आणि वाचकांच्या नाराजीनंतर, तसेच प्रकाशकांच्या आग्रहामुळे, 1903 मध्ये त्याला परत जिवंत केले; वाचकाच्या हक्काचा लेखकाने मान राखल्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या 1963 मध्ये सुरू झालेल्या मालिकेने 1966 मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यावर नायकाला देह बदलण्याची शक्ती असल्याचे कथेतच ठरवून टाकले, आणि चेहरा बदलण्याची रंगभूमीची मुभा पडद्यावर आणली. 1989 मध्ये बंद पडलेली ती मालिका 2005 मध्ये पुन्हा सुरू होऊ शकली ती या योजनेमुळेच. जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी 2005 मध्ये डॅनियल क्रेग यांची निवड झाली तेव्हा चाहत्यांनी त्यांच्या सोनेरी केसांवरूनही आक्षेप घेतले, आणि पुढच्याच वर्षी ‘कसिनो रॉयाल’ पाहिल्यावर ते मावळले. म्हणजे घोषणेच्या वेळचा विरोध हा अंतिम निकाल नसतो, पण तो खोटाही नसतो. त्यामागे आधीच्या नटावरचे प्रेम असते.

हिंदीत ‘डॉन’चे उदाहरण याच दिशेने बोलके आहे. चंद्रा बारोट यांच्या 1978 च्या चित्रपटातील अमिताभ बच्चन यांची भूमिका 2006 मध्ये शाहरुख खान यांनी केली तेव्हा जुन्या प्रेक्षकांना ते सहन झाले नाही. ऑगस्ट 2023 मध्ये तिसऱ्या भागासाठी रणवीर सिंग यांचे नाव जाहीर झाल्यावर शाहरुख नाहीत तर डॉन नाही, असा नव्या पिढीने तितकाच जोरदार आग्रह धरला. पूर्वीचा बदली नट सतरा वर्षांत मूळ पुरुष झाला होता. ‘हेरा फेरी’च्या (2000) बाबतीत तर चाहत्यांचा हक्क अधिकच ठळक झाला. बाबुराव गणपतराव आपटे हे या चित्रपटातील मराठी पात्र. ते उभे करणारे परेश रावल मे 2025 मध्ये तिसऱ्या भागातून बाहेर पडल्याचे कळताच देशभरातून त्यांना परत येण्याच्या विनवण्या झाल्या आणि पुढच्याच महिन्यात ते परतले. मूळ कथा ‘रामजी राव स्पीकिंग’ या 1989 च्या मल्याळम चित्रपटावरून घेतलेली आहे, तरीही बाबुरावाच्या चष्म्यामागे दुसरा चेहरा कल्पिणे प्रेक्षकाला अशक्य वाटले.

नट हयात असला तर विनवणी करता येते. तो हयात नसला तर काय करायचे, हा प्रश्न आता तंत्रज्ञानाने निकडीचा केला आहे. 1994 मध्ये निधन पावलेले पीटर कुशिंग 2016 च्या ‘रोग वन’ या चित्रपटात संगणकीय प्रतिमेच्या साहाय्याने पुन्हा दिसले, आणि त्या वेळी वारसांची परवानगी असूनही ते योग्य होते का, यावर मोठी चर्चा झाली. 2023 मध्ये अमेरिकी नटांच्या संघटनेने केलेल्या 118 दिवसांच्या संपातील एक मुख्य मागणी हीच होती, की नटाची अंकीय प्रतिकृती, म्हणजे संगणकाने तयार केलेले त्याचे रूप, संमती आणि मोबदल्याशिवाय वापरले जाऊ नये. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल थांबवण्याचा आदेश दिला. परंतु तो हयात कलावंताच्या बाबतीतला होता. त्याच्या आदल्या वर्षी सुशांतसिंह राजपूत यांच्यासंबंधीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने असे मत नोंदवले होते, की व्यक्तिमत्त्वाशी निगडित असे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मराठी चित्रपटांत काम केलेल्या नटांच्या करारांत अशा वापराचा विचार असण्याचा संभवच नव्हता. त्यामुळे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारख्या नटाचे रूप संगणकाकडून चालवून घेण्याचे कुणी ठरवले, तर त्याला अडवणारी भक्कम भिंत कायद्यात आज नाही. कुटुंबाची इच्छा आणि प्रेक्षकाची माया एवढेच अडसर आहेत. ज्या प्रेक्षकाने 2013 मध्ये लक्ष्याची उणीव मनापासून अनुभवली, त्याच्यासमोर अशी प्रतिमा आली तर ती पाहून त्याला आनंद अधिक होईल की दुःख, हे निर्मात्यांनी चित्रीकरणापूर्वी स्वतःला विचारायला हवे, कारण त्या उणिवेतच बेर्डे यांच्या कामाची सर्वांत मोठी दाद सामावलेली होती.